कोच मग्लायाची नजर

नेस्टर मग्लाया माणसाचं तोंड शेवटी बघायचा. आधी पाय. मग गुडघे, कंबर, खांदे, आणि एवढं सगळं तपासून वेळ उरलाच तर चेहरा. आमची पहिली भेट आयर्लंडमधल्या गॉलवेत आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये झाली. मी ट्रे घेऊन त्याच्या समोर बसलो, हसून 'हाय' म्हणालो, तर हा म्हणतो, "पाकीट मागच्या खिशातून काढ. डावीकडे कलून चालतोयस."

मला राग आला. मी गुणवत्ता विभागातला इंजिनिअर. हृदयाच्या नळीत सरकवायच्या कॅथेटरमध्ये केसाएवढी चूक सापडली तरी त्याचा अहवाल लिहायचा, चुकीचं मूळ शोधायचं, हे माझं रोजचं काम. लोकांच्या चुका काढून मी पगार घेतो. माझी चूक कुणी काढलेली मला सोसत नाही. तरी घरी गेल्यावर आरशासमोर चालून पाहिलं. डावीकडे कलत होतो.

तो गोदामात होता. खोकी उतरवणं, मोजणं, रॅकवर चढवणं. वय पन्नाशीच्या थोडं पुढे, उजवा गुडघा न वाकणारा, डोक्यावरचे केस आखूड आणि पांढरे. कारखान्यात त्याला सगळे 'एक्स-रे' म्हणायचे. त्याला कारणही तसंच होतं. फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या डेक्लनला याने एका सकाळी अडवलं आणि म्हणाला, "मंगळवारपासून तुझा उजवा पाय मागे राहतोय. खाली उतर." डेक्लनने नेहमीप्रमाणे 'आय'म ग्रँड', म्हणजे मी ठणठणीत आहे, म्हणून हात झटकले. नेस्टरने किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि त्याला गाडीत घालून हॉस्पिटलात नेलं. मेंदूत छोटी गुठळी निघाली. डेक्लन वाचला. त्यानंतर बरेच दिवस लोक उगाचच नेस्टरच्या समोरून दोन फेऱ्या मारून जायचे. माझ्यासकट.

घरी माझी बायको अनघा त्याला 'ते कोच' म्हणायची आणि मी 'तो'. आमची मैत्री मात्र सुक्या मासळीवर झाली. मी अलिबागचा. आई येताना सुकट आणि बोंबील आणायची आणि अनघा ते घरात तळू द्यायची नाही, म्हणून मी चोरून डब्यात नेऊन कॅन्टीनच्या मायक्रोवेव्हमध्ये गरम करायचो. नेस्टरचाही तोच धंदा, फक्त त्याचे मासे फिलिपिनो दुकानातले. एका दुपारी आम्ही दोघांनी एकदम डबे लावले. अख्खं कॅन्टीन उठून गेलं. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हवर नम्र शब्दांतली सूचना लागली. तेव्हापासून आम्ही डबे घेऊन बाहेर, गाड्या लावतात तिथल्या भिंतीवर बसून गारच जेवायचो. वाऱ्याने भात उडायचा. तो काटा-चमच्याने जेवायचा आणि मी हाताने. आपण मराठी माणसं एकमेकांना 'कुठले तुम्ही' विचारतो, तसं मी त्याला त्या भिंतीवर विचारलं, आणि त्याचं उत्तर काही एका जेवणात संपलं नाही.

जन्म कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनचा. आई-वडील फिलिपिन्सचे, आई नर्स. हा कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा, चांगला खेळायचा, पण उंची सहा फुटाला एक इंच कमी. अमेरिकेत तेवढ्या उंचीच्या माणसाला कुणी विचारत नाही. म्हणून मनिलाला गेला, तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये. तिथे हा उंच! चार वर्षं खेळला. पोस्टरवर चेहरा, साबणाच्या जाहिरातीत दात. पण तागालोग भाषा तोडकीमोडकी, म्हणून फ्री-थ्रोच्या वेळी गर्दीतून ओरडायचे, 'घरी जा, अमेरिकन.' तो हसून सांगायचा, "स्टॉक्टनमध्ये आम्हाला ओरडायचे, घरी जा, फिलिपिनो. मी दोन्ही वेळा बॉल टाकला. दोन्ही वेळा आत गेला."

मग गुडघा. उपांत्य सामन्याच्या आधी कुरकुरत होता, तर संघाच्या डॉक्टरने सुई टोचली. "दहा मिनिटांत दुखायचं थांबलं. मला वाटलं बरा झाला," नेस्टर म्हणाला. "तो बरा झाला नव्हता. नुसता गप्प झाला होता." त्या दिवशी तो अडतीस मिनिटं खेळला, संघ जिंकला, आणि गुडघ्याच्या आत जे काही होतं त्याचं वाटोळं झालं. डॉक्टरवर रागावलास का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "डॉक्टरने विचारलं होतं, टोचू का? मीच हो म्हणालो. सव्वीस वर्षांच्या पोराला असं विचारायचंच नसतं."

खेळाडू म्हणून जे काही उरलं होतं ते घेऊन तो आयर्लंडला आला. इथल्या क्लबांना तेव्हा दरवर्षी एक अमेरिकन खेळाडू आणायची हौस होती. क्लबचा अध्यक्ष शॅनन विमानतळावर नावाची पाटी घेऊन उभा होता. हा समोर जाऊन उभा राहिला. अध्यक्ष त्याच्या डोक्यावरून मागे बघत म्हणाला, "जरा बाजूला होतोस का, आमचा अमेरिकन यायचाय." दोन हंगाम तो लंगडत खेळला. जवळच्या एनिस गावातल्या एका मुलीशी लग्न केलं, ते सहा वर्षं टिकलं. मूल झालं नाही. तिच्याबद्दल तो कधी वाईट बोलला नाही आणि चांगलंही नाही. अमेरिकेत बुटका, मनिलात उंच आणि गॉलवेत नुसता परका, असं तो स्वतःबद्दल सांगायचा. मग कुणीतरी म्हणालं की आमच्या मुलींना शिकवशील का, आणि त्याला आयुष्यात पहिल्यांदा बसायला स्वतःची जागा मिळाली. लाकडी, लांब, बुटका बाक. सतरा वर्षं तो त्यावर बसला.

माझी मुक्ता दहा वर्षांची असताना त्याच्याकडे गेली. बास्केटबॉलमधलं मला काही कळत नव्हतं, पण त्याची शिकवायची पद्धत बघायला मी मुद्दाम लवकर जायचो. सराव असो की सामना, आधी सगळ्या मुलींनी बूट काढायचे आणि नुसत्या मोज्यांवर हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं, एकेकीने. बोलायचं नाही, हसायचं नाही. हा बाकावर वाकून बसलेला, हनुवटी जवळजवळ गुडघ्याला टेकलेली, नजर जमिनीवर. मुलींच्या आया या चालण्याला 'फॅशन शो' म्हणायच्या. चालून झालं की तो प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा, "कुठे?" दुखतंय का असं नाही. कुठे. कारण दुखतंय का म्हटलं की मुली नाही म्हणतात, असं त्याचं म्हणणं. मग त्याच्या खिशातून खडू निघायचा. जिच्या बुटाच्या तळव्यावर पांढरी फुली पडली ती त्या दिवशी खेळणार नाही. त्यावर अपील नाही. "दुखणं ही बातमी असते," तो मुलींना सांगायचा. "बातमी आवडली नाही म्हणून रेडिओ बंद करायचा नाही."

एका वर्षी स्पर्धेच्या उपांत्य सामन्याला त्याने ईफाच्या बुटावर फुली मारली. ईफा त्याची सगळ्यांत चांगली खेळाडू, आणि तिचे वडील क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष. ते तरातरा खाली आले. "घोटा जरासा सुजलाय एवढंच! ती खेळेल." नेस्टर म्हणाला, "खेळेल ना. पुढच्या महिन्यात." एका गुणाने हरलो. अध्यक्ष सगळ्यांसमोर त्याला वाट्टेल ते बोलले. हा शांतपणे बॉल जाळीच्या पिशवीत भरत होता. शेवटी एवढंच म्हणाला, "चाळिशीत तिला घोटे लागतील. आजचे गुण तुम्हाला तेव्हा आठवणारही नाहीत." मी घरी येऊन अनघाला ही गोष्ट अभिमानाने सांगितली. असा माणूस आपल्या पोरीला मिळालाय म्हणून मी खरंच सुखावलो होतो. हे सांगतोय, कारण पुढचं ज्याने केलं तो माणूसही मीच.

मुक्ता पंधरा वर्षांची झाली. उंच झाली, उडी चांगली मारायला लागली. देशाच्या कनिष्ठ संघासाठी मुली बघायला निवड समितीचे लोक आमच्या हॉलमध्ये एका शनिवारी येणार असं ठरलं. त्याआधी तीन आठवडे तिची नडगी दुखत होती. उडी मारून खाली आलं की जास्त. ती आधी आईला म्हणाली, मग मला. मी म्हणालो, बूट जुने झालेत. नवे आणले. तरी दुखत होतं. ते तीनही आठवडे तिने सरावाला दांडी मारली, परीक्षा आहे असं कोचला कळवून. डॉक्टरची वेळ मिळाली ती पुढच्या गुरुवारची.

आता आमच्या घरातल्या त्या डब्याबद्दल सांगायला हवं. आयर्लंडमधल्या प्रत्येक मराठी घरात तो असतो. आमचा बिस्किटांचा, पत्र्याचा, स्वयंपाकघरातल्या वरच्या प्रेसमध्ये. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि आता आम्हीही म्हणतो. त्यात अलिबागच्या औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या गोळ्या, आणि प्रत्येक पट्टीवर माझ्या आईच्या अक्षरात चिकटपट्टी: ताप, पोट, सर्दी, ठणका. इथल्या डॉक्टरकडे आठ-आठ दिवस थांबायचं आणि मग 'पाणी प्या, आराम करा' ऐकून यायचं, त्यापेक्षा डबा बरा, असं आम्ही एकमेकांच्या घरी जेवताना मोठ्या शेखीने बोलत असतो. मी स्वतः दहावीचा गणिताचा पेपर एकशे दोन तापात लिहिला होता. आईने गोळी दिली आणि केंद्रावर सोडलं. आमच्या घरात ही गोष्ट शौर्यकथा म्हणून सांगितली जाते.

त्या शनिवारी अनघा कामावर होती. साडेअकराला मी मुक्ताला ठणक्याची गोळी दिली. तिने विचारलं, "कोचला सांगायचं ना, बाबा?" मी म्हणालो, "कशाला? तो लगेच फुली मारेल. ते लोक पुन्हा वर्षभर येणार नाहीत. एका दिवसाचा प्रश्न आहे." तिने गोळी घेतली. पोरगी आज्ञाधारक, हेही आम्ही जेवताना शेखीने सांगायचो.

सव्वाबाराला ती मोज्यांवर चालली. सरळ, हलकी, जराही न अडखळता. मी वर प्रेक्षकांत बसून नेस्टरकडे बघत होतो. तो नेहमीसारखाच वाकलेला. "कुठे?" त्याने विचारलं. मुक्ता म्हणाली, "नोव्हेअर, कोच. आय'म ग्रँड." त्याने तिला परत एकदा चालायला लावलं. का लावलं, देव जाणे. ती परत चालली. मग त्याने मान हलवली आणि खडू खिशात ठेवला. मला हायसं वाटलं. परीक्षकाची नजर चुकवून चिठ्ठी आत नेल्यावर पोराला वाटावं तसं.

तिसऱ्या डावात ती बॉलसाठी उडाली आणि खाली आली. आवाज मला वरपर्यंत ऐकू आला. ओली फांदी मोडावी तसा. सगळ्यांच्या आधी तिच्यापर्यंत नेस्टर पोचला, त्या न वाकणाऱ्या गुडघ्याने धावत. तो तिच्या शेजारी जमिनीवर आडवाच झाला, तिचं डोकं दोन्ही हातांत धरून, तिला पाय दिसू नये म्हणून. रुग्णवाहिका येईपर्यंत तो तिच्याशी बोलत होता. मी तिथेच उभा होतो. 

हॉस्पिटलात नर्सने विचारलं, आज काही औषध घेतलंय का? मी गोळीचं सांगितलं, अगदी हळू आवाजात. नेस्टर तेव्हा यंत्रावरून माझ्यासाठी चहा आणायला गेला होता. तो परत आल्यावर हाडांच्या डॉक्टरीण बाईंनी आम्हाला दोघांनाही सांगितलं की नडगीच्या हाडाला आधीपासून तडा होता, खेळून खेळून पडलेला. आज तो आरपार गेला. "हे कित्येक आठवडे दुखत असणार," त्या म्हणाल्या. नेस्टरच्या हातातला कागदी पेला चेपला गेला आणि चहा त्याच्या बुटावर सांडला. तो खालीच बघत राहिला.

क्लबने चौकशी केली. पालकांचं निवेदन मागवलं. अहवाल लिहिण्यात माझा हात कोण धरणार? चुकीचं मूळ कारण शोधणं हे तर माझं काम, आणि ते लपवायचं कसं हेही त्याच कामात शिकायला मिळतं. मी लिहिलं, मुक्ताला आधीपासून काही त्रास असल्याची आम्हाला कल्पना नव्हती. एक ओळ. अनघा म्हणाली, "खरं सांगून टाक रे. ते काय खातील का तुला?" मी म्हणालो, बघू. पुढे खरं पत्रही मी लिहिलं. पण ते नेस्टर आयर्लंड सोडून गेल्यानंतर, आणि क्लबने दोन ओळींत आभार मानून ते फाइलला लावलं.

क्लबच्या चौकशी समितीने नेस्टरला दोष दिला नाही. काही आया कुजबुजल्या, मोडक्या पायाने पोरीला खेळवलं म्हणून. पण त्याला कुणी काढलं नाही. तो स्वतः गेला. हॉलची किल्ली दिली, बॉलची पिशवी दिली. मी स्वतःची समजूत घातली की त्याला सगळं कळलंय. डेक्लनच्या मेंदूतली गुठळी ज्याला पायात दिसली त्याच्या नजरेतून माझी गोळी सुटेल का? तो मुक्ताला वाचवायला गप्प बसलाय, थोर माणूस आहे, असं मी ठरवून टाकलं. तो थोर असला की मला बोलायची गरज उरत नव्हती.

मुक्ताच्या पायात सळई घातली. ती कुबड्यांवर फिरायची. कोचला भेटायला जायचं म्हणाली, तर मी म्हणालो, त्याला आता त्रास नको देऊ. एकदा तिने सरळ विचारलं, "डज ही नो, बाबा?" मी म्हणालो, "त्याला माहीत असणारच."  तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायला लागली.

कारखान्यात नेस्टर खाली मान घालून चालायला लागला. डेक्लन एकदा गमतीने त्याच्या समोर दोन फेऱ्या मारून म्हणाला, "काय एक्स-रे, पास का?" तो म्हणाला, "डॉक्टरला विचार." भिंतीवर जेवायला यायचा, पण डबा अर्धा राहायचा. एका दुपारी म्हणाला, "डोळे तपासून आलो. ठीक आहेत म्हणाला डॉक्टर." मी म्हणालो, बरं झालं की. तो म्हणाला, "बरं कसं? डोळे ठीक, म्हणजे बिघाड मागे आहे." आणि बोटाने कपाळावर टकटक केलं.

त्याच्या आईला स्मृतिभ्रंश होता. स्टॉक्टनला बहीण तिला सांभाळायची. आईची सुरुवातही अशीच झाली होती, तो म्हणाला. चाळीस वर्षं नर्सचं काम केलेली बाई, आणि एक दिवस रोग्याची सूज तिला दिसेनाशी झाली. म्हणून हा डॉक्टरकडे गेला. त्याला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटं. काढलं. पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले. ठेवले. "मग?" मी म्हणालो. "पहिल्या वर्षी आईनेही ठेवले होते."

मग त्याने फोन काढला. अपघाताच्या दिवशी एका आईने मुलींचं चालणं फोनवर टिपलं होतं, ते त्याने मागून घेतलं होतं. "हे मी किती वेळा पाहिलं असेल, मला माहीत नाही. तू बघ. तू इंजिनिअर आहेस, तुला बारकावे दिसतात. सांग, कुठे लंगडतेय?" छोट्याशा पडद्यावर माझी मुलगी मोज्यांवर चालत होती. एकदा. मग परत एकदा. "दुसऱ्यांदा चालायला लावलं बघ," तो म्हणाला. "म्हणजे मला काहीतरी वाटलं होतं. पण काय, ते दिसलं नाही. आजही दिसत नाही. सुहास, तिचं हाड तुटत होतं आणि मला ते दिसत नाही."

त्याला काहीच माहीत नव्हतं. हे मला तेव्हा, त्या भिंतीवर कळलं.  एक वाक्य बोलायचं होतं. साडेअकराला गोळी दिली होती, एवढंच. मी म्हणालो, "मलाही काही दिसत नाही."

का नाही बोललो, याची कारणं मी नंतर खूप शोधली. मुक्ताचं नाव येईल, निवेदन खोटं ठरेल, लोक काय म्हणतील. सगळी कारणं फालतू आहेत. मी भित्रा आहे, एवढंच कारण आहे.

मे महिन्यात त्याने नोकरी सोडली. आईकडे जातो म्हणाला, तिची शेवटची दोन वर्षं तरी. तिकडे कोचिंग करशील का, असं मी विचारलं. "ज्याला दिसत नाही त्याने दुसऱ्यांची पोरं हातात घेऊ नयेत," तो म्हणाला. शॅननहून बॉस्टन आणि तिथून पुढे असं विमान होतं. त्याला सोडायला दुसरं कुणी नव्हतं. मी सोडतो म्हणालो. सकाळी निघताना मुक्ता आधीच गाडीत मागे बसलेली होती. कुबड्या गेल्या होत्या. चालताना किंचित ओढायची. मी येऊ नको म्हणालो नाही. म्हणायची टाप नव्हती.

वाटेतल्या गॉर्ट गावापर्यंत नेस्टर तिच्या पायाबद्दल विचारत होता. सळई कधी काढणार, जिने चढतेस का, पोहतेस का. ती 'हो कोच, नाही कोच' म्हणत होती. मी ठरवलं, गॉर्ट गेलं की सांगायचं. गॉर्ट गेलं. मग ठरवलं, एनिसच्या पाट्या लागल्या की. त्या लागल्या तेव्हा तो खिडकीतून बाहेर बघत लग्नानंतरच्या घराबद्दल काहीतरी सांगत होता, आणि मध्ये कसं बोलायचं, असं मी स्वतःला सांगितलं. एनिस मागे पडलं. विमानतळ आला.

मी सामान उतरवलं. एक मोठी बॅग, एक छोटी. एवढ्यात सगळं मावलं होतं. त्याने हात पुढे केला, मीही केला, आणि मुक्ता मधे आली.

"कोच," ती म्हणाली, "आय टुक अ टॅब्लेट." ती थेट त्याच्याकडे बघत होती. "त्या दिवशी. पेनकिलर. चालायच्या आधी." बाबांनी दिली, असं ती म्हणाली नाही.

नेस्टर हलला नाही. "किती वाजता?"

"हाफ इलेव्हन."

"आणि चाललीस सव्वाबाराला." तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. मग त्याने मोठी बॅग आडवी केली आणि तिच्यावर बसला. लोक गाड्यांतून उतरत होते, मिठ्या मारत होते. तो दोन्ही तळहातांनी डोळे दाबून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. त्याने हात काढले तेव्हा डोळे कोरडेच होते.

"म्हणजे पाय गप्प होता," तो म्हणाला. "मी आंधळा नव्हतो."

"नाही, कोच."

मग तो माझ्याकडे वळला. "तुला फोनवर चालणं दाखवलं होतं. तू काय म्हणालास?"

"मलाही काही दिसत नाही म्हणालो."

"हो," तो म्हणाला. "आणि तेवढं खरं होतं." आवाज चढला नाही. शिवी दिली असती, कानफटात मारली असती तर मी त्याचे उपकार मानले असते. तो नुसता उठला. "सुहास, तू गाडीत बस. मला हिच्याशी बोलायचंय."

मी बसलो. सांगितलं तसा. काचा बंद होत्या. ते दोघं माझ्यापासून पाच-सहा पावलांवर उभे होते. तो बोलत होता, ती रडत होती. मग ती काहीतरी बोलली आणि तो मान हलवून नाही नाही म्हणाला. पिवळ्या जॅकेटातला माणूस गाडी पुढे काढायला सांगत आला, तर नेस्टरने हात वर करून त्याला थांबवलं आणि बोलत राहिला. एकदा मुक्ता हसली. अपघातानंतर तिला तशी हसताना मी पाहिलंच नव्हतं. काच खाली करायचं बटण माझ्या बोटाखाली होतं. मला ऐकायचा हक्क नव्हता, एवढं त्या दिवशी तरी मला कळलं.

काय बोलले ते मुक्ताने मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही. त्याने पत्ता तिला दिला. मला नाही. त्यांचं अधूनमधून बोलणं होतं असं अनघाकडून कळतं. तो तिकडे शिकवतो की नाही, त्याची आई आहे की गेली, हे मला ठाऊक नाही.

मुक्ता येऊन मागच्याच सीटवर बसली. नेस्टरने छोटी बॅग खांद्याला लावली, मोठीची मूठ धरली आणि आत गेला. गाडीकडे त्याने पाहिलं नाही. काचेचं दार मिटलं, तरी काचेतून त्याची पाठ थोडा वेळ दिसत होती. पिवळ्या जॅकेटवाल्याने टपावर दोनदा थाप मारली. मी गाडी काढली.